टेलची बारी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

उघडलं एकदाचं! सकाळी पडद्यावर तो फारसी संग्रह दिसला आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. मंडळाचे अध्यक्ष दारातून बघत होते. बघेनात का!

किती दिवस ह्याच्या मागे होते मी. परदेशातल्या एका कंपनीने कुठकुठल्या ग्रंथालयांतली जुनी फारसी अखबारं, म्हणजे दरबारांची बातमीपत्रं, पानापानाचे फोटो काढून एका ठिकाणी ठेवली आहेत. आपल्या मुलखाची निम्मी हकीकत फारसीत आणि ती बघायची तर विलायतेच्या दारात उभं राहायचं, असा सगळा उफराटा कारभार. आमच्या इतिहास मंडळासारख्या दोन खोल्यांच्या संस्थेला एकटीने हे घेणं सात जन्मांत जमलं नसतं. म्हणून जिल्ह्यातल्या पाच ग्रंथालयांनी मिळून संघ केला. करार मात्र आमच्या मंडळाच्या नावावर, कारण कंपनीला नोंदणी झालेली संशोधन संस्था हवी होती. ग्रंथपाल म्हणून सही माझी.

एका वेळी तिघांनाच वाचता येतं आणि ग्रंथालयं पाच. भांडणं नकोत म्हणून श्रीरामपूरच्या कॉलेजचा ग्रंथपाल सुमंत, त्याने तोडगा काढला. पाटाच्या पाण्यासारखी बारी लावायची. संग्रह उघडताना व्हॉट्सॲप ग्रुपवर 'घेतलं' लिहायचं, उठताना 'सोडलं'. बस्स. ना कुलूप, ना राखणदार. संघाचा चिटणीस सुमंतच. पाचही ग्रंथालयांचे पासवर्ड त्याच्याकडे, कारण विसरणार नाही असा आमच्यात तो एकटाच.

मी म्हटलं, "अरे, पाटावर हेडची, वरच्या तोंडाची माणसं रात्रीची दारं उचलतात आणि टेलचा, अगदी शेवटच्या टोकाचा शेतकरी सकाळी कोरड्या चारीकडे बघत बसतो." तर म्हणाला, "नीलू, इथे सगळी शिकलेली माणसं आहेत." तेही खरंच.

आणि गंमत अशी, की पान उतरवून घेतलं की तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत ज्या ग्रंथालयाने घेतलं त्याचं नाव उमटतं. आमच्या मंडळाचं नाव! एक पान छापून घरी आणलं. अमृतराव चष्मा लावून म्हणाले, "वरचं एक अक्षर वाचता येत नाही आणि खालच्या ओळीवर खूश." नवरा म्हणजे जन्माचा टवाळ.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

सुमंत श्रीरामपूरहून येऊन राखी बांधून घेऊन गेला. पुण्यात ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात आम्ही शेजारी बसायचो तेव्हापासूनचा हा नेम. त्याला बहीण नाही, मला भाऊ नाही. लहानपणी भाऊबीजेला आई मला गच्चीवर नेऊन चंद्राला ओवाळायला लावायची. भाऊ नसलेल्या मुलींनी तसंच करायचं असतं. सुमंत भेटला आणि ते बंद झालं. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला हाच पुढे होता. सख्खा काय वेगळं करतो?

सप्टेंबरअखेर कॉलेजातून निवृत्त होतोय. पुढे काय, म्हटलं, तर "बघू, कुणी बोलावलं तर" म्हणून हसला. कोण बोलावणार ह्याला! गप घरी बसून नातवंडं सांभाळ, म्हणाले मी. जेवताना कराराची प्रत मागितली, पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाला लागेल म्हणून. किती पानं उतरवली की कंपनी कुरकुर करते, तेही विचारून घेतलं. आमच्यात नियम वाचणारा हा एकच.

पुरणपोळ्या चांगल्या झाल्या होत्या. त्याने तीन खाल्ल्या.

२० ऑगस्ट

हा संग्रह मी ओढून आणला तो कुणासाठी, हे इथे लिहून ठेवते. पंकजासाठी.

जामखेडकडच्या खर्ड्याची पोर. आई केशरबाई आणि बाप दरवर्षी ऊसतोडीला जातात. ही आजीपाशी राहून शिकली. मंडळाच्या संध्याकाळच्या फारसी वर्गाला हौशे, नवशे सगळे आले होते. पहिल्या महिन्यात बाकीचे गळाले आणि ही एकटी उरली. आता तिचा प्रबंध खर्ड्याच्या लढाईवर आहे. डिसेंबरअखेर द्यायचा. मुदत एकदा वाढवून झाली, परत मिळायची नाही. आणि तिला हवी ती बातमीपत्रं ह्या संग्रहाशिवाय दुसरीकडे कुठे बघायलाही मिळत नाहीत.

आज एकदम ओरडली. मला वाटलं झुरळ. तर म्हणे, "म्याडम, सापडलं! छावणीत कडबा मिळंना म्हनून आसपासच्या गावांतून वढून आनला, आसं लिवलंय ह्यानं. गावांची नावं दिल्यात." मग जरा शांत होऊन म्हणाली, "समद्या पुस्तकांत खर्ड्याची लढाई हाय, पन खर्डं कुठंच न्हाई. आमच्या विहिरींचं काय झालं, गुरांचं काय झालं, कुनाला पडलीये? ह्यो परका बातमीदार लिहितोय बगा."

दुपारी दोघी एकाच डब्यात जेवलो. तिच्या शेंगदाण्याच्या चटणीपुढे माझी भेंडी अगदीच केविलवाणी. बातमीदाराने पुढे काय लिहिलंय ते ती घास चावता चावता सांगत होती. अशी दुपार नोकरीत फार वेळा आली नाही माझ्या.

३० ऑगस्ट

गौरी-गणपतीत मंडळ बंद. पंकजा म्हणाली, आठवडा वाया जानार. मग मी तिला मंडळाचा पासवर्ड देऊन टाकला, गावाकडे मोबाईलवर वाच म्हणून. नियमात बसत नाही. पण नियम माणसांसाठी की माणसं नियमांसाठी? मुलगी सोन्यासारखी आहे. मला माणसं ओळखता येतात, हा एक गुण तरी माझ्यात आहे.

सुमंतचा फोन आला तेव्हा त्याला सांगून टाकलं. पोटात राहत नाही माझ्या. तो म्हणाला, "बरं केलंस. पण आणखी कुणाला बोलू नकोस." काळजी असते त्याला.

१२ सप्टेंबर

काहीतरी पाणी मुरतंय. ग्रुपवर कुणाचंच 'घेतलं' नाही आणि पडदा म्हणतो तिन्ही जागा भरलेल्या. कालही तसंच, परवाही तसंच. पंकजा दिवसभर त्या पडद्यासमोर बसून राहिली आणि संध्याकाळी पिशवी उचलून गेली.

कोपरगावच्या सत्यशीलाचा फोन आला. तिच्या ग्रंथालयालाही गेले तीन-चार दिवस थेंब मिळालेला नाही. ती माझ्याहून फटकळ. "नीलांबरी, कुणीतरी रात्रंदिवस दार उचलून बसलंय. मी ग्रुपवर लिहू का?" म्हटलं थांब, उगीच पाच घरांत भांडण नको, मी सुमंतला विचारते.

सुमंत म्हणाला, "कुणीतरी पासवर्ड बाहेर दिला असणार, नीलू." आणि थांबला. मीच दिलाय की! पण पंकजा तर जागा मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. ती कशाला? का तिने आणखी कुणाला दिला असेल? वर्गातल्या मैत्रिणी असतात, कोणी 'दे ना ग' म्हणतं.

छे. काहीतरीच.

२५ सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव नाही. पूर्वेकडे नद्या पात्राबाहेर आल्यात, खर्ड्याचा रस्ता पाण्याखाली. पंकजा रविवारी गावी गेली ती तिकडेच अडकली. फोन लागत नाही. पेपरात जनावरं वाहून गेल्याचे फोटो. केशरबाईच्या शेळ्या वाचल्या असतील ना?

सुमंतचा आज दोनदा फोन. पंकजा नगरात आहे का, आली का, कधी येणार. म्हटलं, अडकलीय बिचारी गावात. इतकी कोण चौकशी करतं हल्ली दुसऱ्याच्या विद्यार्थिनीची!

३० सप्टेंबर

कंपनीची मेल. तीनदा वाचली.

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या पासवर्डवरून, मंडळाच्या बाहेरून, पानंच्या पानं यंत्राने उपसावी तशी उतरवली गेली. माणूस वाचेल त्या वेगाने नव्हे. कराराचा भंग झाला. पाचही ग्रंथालयांचा प्रवेश बंद. खुलासा करा.

सुमंतचा आज कॉलेजातला शेवटचा दिवस, निरोप समारंभातून बाहेर येऊन बोलला माझ्याशी. "मी कुणाचं नाव घेत नाही, नीलू. पण मंडळाचा पासवर्ड बाहेर तू एकीलाच दिला होतास ना?"

एकीलाच दिला होता. गावी गेली त्या रविवारपासून ती मंडळात नाही, आणि त्याच आठवड्यात हे. कुणा श्रीमंत संशोधकाला विकली असेल पानं? गरज माणसाला काय काय करायला लावते. ज्या पोरीला मी माझ्या डब्यात जेवायला बसवली, तिने माझ्या सहीवर पाय देऊन हे करावं? दुपारपासून डोकं भणभणतंय. राग म्हणावा तर रडू येतंय.

४ ऑक्टोबर

पुरानंतर पहिल्यांदाच पंकजा आली. चिखलाने भरलेल्या चपला बाहेर काढून, हसत. "म्याडम, वाचलो आमी. शेळ्या बी वाचल्या. आता रोज येते, लई राह्यलंय."

मी तिला बस म्हटलं नाही. मेल पुढे टाकली. ती इंग्रजी हळूहळू वाचते. चेहऱ्यावरचं हसू उतरताना मी बघत होते आणि मनात म्हणत होते, सापडलीस.

"म्याडम, ह्ये मी न्हाई केलं."

"मग कोणी केलं? पासवर्ड तुझ्याकडे होता."

"आमच्याकडं त्या आठवड्यात लाईटच न्हवती. खांब पडल्याले. मोबाईल चार्ज करायला सुदिक..."

"पुरे. बातमीदाराच्या गोष्टी सांगणारी तू, गोष्ट रचायला तुला काय अवघड!"

हे मी बोलले. लिहितानाही ऐकू येतंय.

ती म्हणाली, "तुमी मला इचारताय, का सांगताय?"

"सांगतेय."

तिने मी दिलेला फारसी कोश पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला, नीट सरळ करून. चपला हातातच घेऊन पायऱ्या उतरली.

विश्वास पानिपतात गेला म्हणतात ते उगीच नाही. कंपनीला मी लिहून टाकलंय, एका बाहेरच्या विद्यार्थिनीने गैरवापर केला, तिचा प्रवेश काढून घेतला आहे. सुमंत म्हणाला, कडक वागलीस ते योग्यच केलंस. त्याने पाठ थोपटली तरी जेवण गेलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाईटात एक चांगलं. आमच्या सुमंतने काय सरप्राईज दिलं! पुणे रोडवर ते नवं खासगी विद्यापीठ झालंय ना, काचेच्या इमारतीचं, तिथे तो ग्रंथालयाचा संचालक झाला. मला पत्ता लागू दिला नाही. आज ग्रंथालयाचं उद्घाटन, मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल-नारळ दिला. माईकवरून म्हणाला, "माझ्या बहिणीने मला जुन्या फारसी कागदांची गोडी लावली." डोळ्यांत पाणीच आलं.

भिंतीएवढ्या पडद्यावर त्यांचा नवा फारसी संग्रह दाखवला. पानामागून पान, सगळी जुनी अखबारं. आमचा बंद पडला आणि ह्यांचा उघडला, नशीब एकेकाचं. मी विचारलं, "अरे, इतक्या पटकन कुठून जमवलंस?" म्हणाला, "माणसं जोडली की सगळं जमतं, नीलू." बाहेरच्या वाचकांना मात्र परवानगी नाही, फक्त त्यांच्या विद्यार्थ्यांना. म्हणजे पंकजाने आता कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. असो. तिचं ती निस्तरील.

एक खटकलं. प्रत्येक पानाच्या तळाशी पांढरी पट्टी होती. अगदी बेंगरूळ दिसत होती. फोटो नीट कापले नसतील. सुमंतला सांगायचं गर्दीत राहूनच गेलं. सत्यशीला माझ्या शेजारी होती, तिने एकदाही टाळ्या वाजवल्या नाहीत. मत्सर. दुसरं काय.

१९ ऑक्टोबर

दिवाळीचे डबे यायला लागलेत. अमृतरावांना बँकेतल्या जुन्या मित्रांकडून काजूकतलीचा डबा आला, झाकणावर ठळक 'सप्रेम भेट' आणि खाली बँकेचं नाव. आम्हा दोघांनाही साखर वर्ज्य. तर हे महाशय कात्री, कागद, डिंक घेऊन बसले. बँकेच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून तोच डबा शेजारच्या बनुबाईंना द्यायचा बेत.

मला हसूच आलं. म्हटलं, "अहो, कुणाला फसवताय? पट्टी दिसली की कुणीही ओळखतं खाली दुसऱ्याचं नाव आहे म्हणून."

बोलले आणि तशीच उभी राहिले.

हे विचारत होते, काय झालं, चक्कर येतेय का. मी आत गेले, ऑगस्टमध्ये कौतुकाने घरी आणलेलं ते छापील पान शोधून काढलं. तळाशी मंडळाचं नाव. जिथे नाव, बरोबर तिथेच पट्टी. तेवढीच रुंद.

कराराची प्रत कोणी नेली? किती पानं उतरवली की कंपनी कुरकुर करते, कोणी विचारलं? पासवर्ड मी कुणाला दिलाय हे जगात कुणाला माहीत होतं? पंकजा गावात अडकलीय का, आली का, कधी येणार, फोनवर फोन कोण करत होतं? सगळे पासवर्ड कुणाकडे, म्हणजे तिन्ही जागा अडवून कोण बसलं होतं?

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आंधळी मीच. वर शाल पांघरून घेऊन आले.

बनुबाईंना डबा दिला नाही. मला तो घरात नको झालाय.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सत्यशीलाला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पट्टी ना? मला तिथेच कळलं. तुझ्याकडे वळले तर तू शाल सावरत टाळ्या वाजवत होतीस. मग कशाला बोलू?"

घरात पणत्या लावल्या. मन कशात नाही. राग सुमंतचा येतोय, पण जीभ भाजल्यासारखं सारखं आठवतंय ते मी पंकजाला बोलले तेच.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आला. दरवर्षीसारखाच वेळेवर, झब्बा घालून, हातात पैठणीची पिशवी. मी रांगोळी काढली होती, पाट मांडला होता, ताट तयार होतं. का, ते विचारू नये कुणी. तो खोटं ठरवेल अशी एक वेडी आशा होती.

पाटावर बसला. मी निरांजन लावायच्या आधी विचारलं, "सुमंत, पट्टीखाली कुणाचं नाव आहे?"

वाटलं होतं, कसली पट्टी म्हणेल. तर म्हणाला, "आज हे नको, नीलू."

"आजच."

"बरं, ऐक. तुझ्या दोन खोल्यांत ते पडून राहिलं असतं. वाचणारे किती? चार टाळकी. माझ्याकडे उद्या पाचशे मुलं वाचतील. विद्यापीठाला सुरुवातीला दाखवायला काहीतरी हवं होतं, त्यावरच माझी नेमणूक होती. मी चोरून सोनं नाही नेलं, पानांचे फोटो नेलेत."

"आमच्या नावावर."

"माझ्या कॉलेजचं नाव वापरलं असतं तर निवृत्तीच्या तोंडावर..."

स्वतःच्या पेन्शनला जपलं आणि माझ्या सहीला टाकलं, इतकं सोपं.

"आणि पंकजा? त्या पोरीचा प्रबंध?"

तेव्हा तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अगदी शांतपणे म्हणाला, "तिचं नाव मी घेतलं नव्हतं. तू घेतलंस."

अमृतराव दारात उभे होते. कधी आवाज न चढवणारा माणूस, म्हणाले, "सुमंतराव, उठा."

उठताना तो म्हणाला, "तुझ्या बाबांना खांदा दिलाय मी, नीलू." म्हटलं, "माहीत आहे. परका असतास तर एवढं लागलं नसतं." कंपनीला लिहू नकोस, म्हणाला, मी दोन-तीन महिन्यांत मिटवतो, तुलाही तिथे सल्लागार म्हणून घेतो. म्हणजे माझ्यावरही पट्टी चिकटवायची होती ह्याला! पैठणीची पिशवी त्याच्या हातात परत दिली. फाटकाबाहेर गाडी सुरू व्हायला वेळ लागला. मी बघायला गेले नाही.

संध्याकाळी ताट घेऊन गच्चीवर गेले. बीजेची कोर दिसत होती. चंद्राला ओवाळलं.

२४ ऑक्टोबर

कंपनीला सगळं लिहिलं. सुमंतने काय केलं, ते. मी पासवर्ड बाहेर दिला, तेही. एका निर्दोष विद्यार्थिनीवर आळ घेतला, तेही. अध्यक्ष म्हणाले, स्वतःचं कशाला लिहिता, मंडळाची अब्रू जाईल. म्हटलं, गेली तर जाऊ दे, खोट्यावर किती दिवस टिकणार?

पंकजाचा फोन केशरबाईने उचलला. आवाज एवढा मोठा की मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. "म्याडम व्हय! अवो, तुमचं लई नाव काढायची. आता काय झालंय काय म्हाईत, बोलतच न्हाई. म्हनते औंदा मी बी येते ऊसाला. मी म्हनलं, आगं, एवढी शिकलीस ती कोयता धराया व्हय? आयकंना झालीये. तुमी सांगा की तिला जरा."

तिने आईला काही सांगितलेलंच नव्हतं. माझं नाव राखलं होतं त्या पोरीने.

"द्या तिला फोन," म्हटलं. तिकडे कुजबुज झाली. केशरबाई परत आली. "नगं म्हनते." मग मीच आईला सांगितलं, माझी चूक झाली, पोरीची काही चूक नव्हती, मी तिला चोर म्हटलं. केशरबाईने फोन ठेवला. रागावून ठेवला असता तरी बरं वाटलं असतं. अगदी हळू ठेवला.

७ नोव्हेंबर

कंपनीचं उत्तर. संघ बरखास्त, वाटून वाचणं कायमचं बंद. त्या विद्यापीठाला नोटीस गेली म्हणे, पुढचं मी विचारलं नाही. खरं कळवलं म्हणून आमच्या मंडळाला डिसेंबरअखेरपर्यंत एक जागा, फक्त मंडळात बसून वाचायला. त्यापुढे काही नाही.

सत्यशीला चिडली आणि तिचं बरोबरच आहे. "तुझ्या भावाने पाट फोडला, आणि तू सत्य बोलून सगळ्यांचंच पाणी तोडलंस. माझ्या वाचकांनी काय करायचं?" चार ग्रंथालयं कोरडी पडली. ग्रुपवरून एकेक जण निघून गेला. आता त्यात मी एकटीच आहे.

पंकजाला मेसेज टाकला. 'मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. जागा एकच आहे आणि ती तुझी. कोश टेबलावर आहे.'

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

११ नोव्हेंबर

रोज सकाळी संग्रह उघडून ठेवते. जरा वेळ कुणी हात लावला नाही तर आपोआप बंद पडतो, मग परत उघडते. मला त्यातलं अक्षर कळत नाही. समोरची खुर्ची रिकामी. अध्यक्ष म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी द्या. नाही म्हटलं. टेलच्या माणसाची बारी आहे, हेडवाल्यांनी गप्प बसावं.

खर्ड्याच्या ऊसतोडीच्या टोळ्या उद्या-परवा निघतात, असं कळलं.

१३ नोव्हेंबर

मी कुलूप उघडायला पोचले तर पंकजा पायरीवर बसलेली. टोळी काल गेली, म्हणाली. आईने तिला ट्रॅक्टरवर चढूच दिलं नाही. एवढंच बोलली.

मी संग्रह उघडून दिला, खुर्ची पुढे केली, "बस" म्हटलं. बसली नाही. पिशवीतून नवी वही काढली, आत रेघा मारून चार रकाने पाडलेले. माझ्यापुढे ठेवली.

"आधी सही करा, म्याडम. मी कवा आले ती येळ लिवून. जेवाया उठले की परत करायची, जाताना परत."

"अगं, ह्याची काय गरज आहे आता?"

"मला हाय."

सही केली. मग ती बसली. कोश डाव्या हाताशी ओढला, तिच्या जुन्या सवयीने. बातमीदाराच्या पानांवर पानं उलटत राहिली. मध्ये एकदा तिचा श्वास अडकल्यासारखा आवाज आला. काहीतरी सापडलं असणार. मी मान वर केली. ती पडद्याकडेच बघत होती, आणि लिहून घेत होती. काय सापडलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

एक वाजता मी डबा उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला. तिने तिचा डबा उचलला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. वही माझ्यापुढे उघडी होती. मी वेळ लिहिली आणि सही केली.